साथीच्या काळात सरकारशी ऑनलाइन बोलायचं कसं? सोलापूरच्या गल्लीबोळांसाठी सविस्तर मार्गदर्शन

एप्रिल २०२० मध्ये पाच्छा पेठेत सोलापुरातला पहिला कोरोना रुग्ण सापडला आणि पूर्व भागातले बोळ एकामागून एक सील होत गेले. कुठे बांबू बांधले, कुठे पत्रे ठोकले. आत अडकलेल्यांचे प्रश्न साधे होते. दूध कुठून आणायचं? रेशन दुकान उघडं आहे का? डायलिसिसच्या माणसाला बाहेर सोडणार कोण? बहुतेक प्रश्नांची उत्तरं कुठल्या ना कुठल्या आदेशात लिहिलेलीही होती. पण तो आदेश पीडीएफमध्ये, सरकारी मराठीत, आणि वाचणारं घर तेलुगू बोलणारं. मधल्या मध्ये अफवांचं फावलं.

पुढच्या साथीत हे टाळता येईल. त्यासाठी नवं ॲप लागणार नाही. तक्रारीचे, माहितीचे, दाद मागण्याचे मार्ग आजही आहेत. ते वापरायची सवय आधी लावून घ्यावी लागते, आणि एकट्यादुकट्याने नाही तर गल्लीने मिळून लावावी लागते. खालच्या पायऱ्या एखादं मंडळ, महिला बचत गट, सोसायटी किंवा चार शेजारी मिळूनही करू शकतात.

पायरी १: साथ नसतानाच गल्लीची वही करा

सुरुवात कागदाच्या वहीने करा. मोबाइल बंद पडतो, रिचार्ज संपतो, वही कुणाच्याही हातात देता येते. प्रत्येक घरामागे एक ओळ: माणसं किती, घरात स्मार्टफोन आहे का आणि तो दिवसा घरात असतो का, घरात बोलायची भाषा कोणती, कुणाचं नियमित औषध किंवा डायलिसिस चालू आहे का, गरोदर बाई किंवा एकटं राहणारं म्हातारं माणूस आहे का.

स्मार्टफोन दिवसा घरात असतो का, हा प्रश्न मुद्दाम विचारा. कारखान्यात किंवा यंत्रमागावर जाणाऱ्या मुलाच्या खिशात घरातला एकुलता एक फोन असेल, तर घरी विड्या वळत बसलेल्या आईच्या दृष्टीने त्या घरात फोन नाही. यादीत ते घर 'फोन नाही' असंच लिहा.

आजाराची माहिती फक्त घरच्यांनी राजीखुशीने सांगितली तरच लिहायची आणि वही दोघांकडेच ठेवायची. त्यातली एक बाई असावी. बायका आपल्या तब्येतीचं पुरुष कार्यकर्त्याला सांगत नाहीत, आणि सांगावं अशी अपेक्षाही ठेवू नये.

याच काळात आणखी तीन कामं उरकून घ्या. प्रत्येक घरातल्या किमान एका माणसाचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे का ते बघा, कारण आधारची पडताळणी लागते तिथे ओटीपी त्याच नंबरवर येतो. गल्लीतल्या दोघांनी राज्याच्या 'आपले सरकार' पोर्टलवर आणि केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर खातं उघडून ठेवावं. आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: आपला प्रभाग कोणता, महापालिकेचं आपलं विभागीय कार्यालय कुठलं, जवळचं नागरी आरोग्य केंद्र कोणतं, आशाताई कोण, रेशन दुकानाचा क्रमांक काय. हे पान भरताना बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळेल की आपण ज्या झोन ऑफिसात आजवर जात होतो, ते आपलं नव्हतंच.

पायरी २: कुणाचं काम कुणाकडे, हे ओळखा

साथीत तक्रारी वाया जातात त्या बहुतेक चुकीच्या दारात गेल्यामुळे. ज्या कार्यालयाला अधिकारच नाही, ते फार तर अर्ज पुढे पाठवतं आणि त्यात चार दिवस जातात.

सोलापूर शहरापुरतं बोलायचं तर महापालिकेकडे घंटागाडी, पाणी, फवारणी, नागरी आरोग्य केंद्रं, तिथलं लसीकरण आणि प्रतिबंधित क्षेत्राची प्रत्यक्ष व्यवस्था येते. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हे राज्य सरकारचं आहे, महापालिकेचं नाही. तिथल्या खाटेची तक्रार महापालिका आयुक्तांना पाठवून उपयोग नाही. जिल्हाधिकारी हे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यामुळे संचारबंदीचे, दुकानांच्या वेळांचे जिल्ह्याचे आदेश आणि रेशनचा विषय त्यांच्याकडे जातो. नाकाबंदी आणि प्रवासाचे पास शहरात पोलीस आयुक्तालय बघतं. २०२० मध्ये ई-पाससाठी महाराष्ट्र पोलिसांनी वेगळं संकेतस्थळच केलं होतं. लसीच्या प्रमाणपत्रातली नावाची चूक कोविन पोर्टलवरच दुरुस्त व्हायची. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरशी वाद घालून ती होण्यासारखी नव्हती.

गाव शहराच्या हद्दीबाहेर असेल तर ग्रामपंचायत, तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषद. कुंभारीसारख्या शहराला लागून असलेल्या गावांत हा गोंधळ हमखास होतो. माणूस रोजच्या कामाला शहरात असतो, पण घराची आरोग्य यंत्रणा जिल्हा परिषदेची असते. आपण हद्दीच्या कुठल्या बाजूला आहोत, हे आजच खात्री करून घ्या.

आणि हे लक्षात असू द्या: जीव धोक्यात असताना पोर्टल उघडायचं नाही. १०८ ला फोन, पोलिसांसाठी ११२, आरोग्य सल्ल्यासाठी १०४, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. फोन आधी, लेखी तक्रार नंतर.

पायरी ३: तक्रार अशी लिहा की वाचणाऱ्याला लगेच काम करता येईल

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त फरक याच पायरीने पडतो. लाटेच्या काळात आमच्याकडे फिरलेले बहुतेक मेसेज या थाटाचे असायचे:

'साहेब, आमच्या भागाकडे कोणाचंही लक्ष नाही, लोकांचे हाल चाललेत, नगरसेवक झोपलेत, ताबडतोब कारवाई करा, नाहीतर आंदोलन करू.'

यातली चीड खरी आहे. पण कंट्रोल रूममध्ये बसलेल्या लिपिकाने याचं करायचं काय? भाग कुठला, हाल कशाचे, कारवाई कोणती, काहीच कळत नाही. तो 'संबंधितांकडे पाठवले' असा शेरा मारून पुढच्या मेसेजकडे वळणार.

तोच विषय असा लिहून बघा. हा नमुना आहे, नाव-गाव आपलं घाला:

'विषय: सील केलेल्या गल्लीतून डायलिसिसला जाण्याची परवानगी. ठिकाण: अशोक चौकामागची अमुक गल्ली, प्रभाग क्रमांक अमुक. येथे काल संध्याकाळी ७ वाजता दोन्ही तोंडं बंद केली. गल्लीत एका रुग्णाचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, पुढचं उद्या सकाळी ९ वाजता आहे. बंदोबस्तावरच्या कर्मचाऱ्यांनी लेखी परवानगी मागितली आहे. विनंती: रुग्ण आणि सोबत एक नातेवाईक यांना उद्या सकाळी ८ वाजता बाहेर सोडण्याची परवानगी आज रात्रीपर्यंत द्यावी. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. संपर्क: अमुक नंबर.'

नीट बघा, यात एकच विषय आहे. रेशन नाही, फवारणी नाही, पाणी नाही. ते वेगळ्या तक्रारीत. एका अर्जात तीन विषय घातले की सर्वांत सोप्या विषयावर काम होतं आणि अर्ज 'निकाली' निघतो. ठिकाण असं लिहिलंय की बाहेरचा माणूसही पोचेल. वेळ आहे. काय हवं ते नेमकं सांगितलंय, आणि ते मंजूर करायला अधिकाऱ्याला फार विचार करावा लागत नाही. 'आज रात्रीपर्यंत' या मुदतीला कारण आहे, कारण उद्याची वेळ वर दिली आहे.

भाषा मराठीच ठेवा. राज्याचा कारभार मराठीत आहे. इंग्रजीत लिहिलं की वजन पडतं, हा समज सोडून द्या. टायपिंग अवघड जात असेल तर फोनच्या कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून बोला, मराठी अक्षरं उमटतात. मग एकदा वाचून चुका काढा, विशेषतः आकडे आणि गल्लीचं नाव. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या अक्कांनी आपल्या भाषेत सांगावं आणि मराठी लिहिणाऱ्या पोराने लिहून काढावं. लिहून झालं की मात्र त्यांना परत वाचून दाखवायचं. कधी कधी लिहिणारा आपलाच राग त्यात घालतो आणि अक्कांना जे हवं होतं तेच राहून जातं.

फोटो जोडायचा तर जागेचा, पत्र्यांचा, कचऱ्याच्या ढिगाचा. रुग्णाचा चेहरा, रिपोर्टवरचं नाव, आधार क्रमांक उघड्यावर टाकू नका. पोर्टलवर कागद जोडणं वेगळं, फेसबुकवर टाकणं वेगळं.

पायरी ४: टोकन मिळालं, आता पाठपुरावा

'आपले सरकार'वर तक्रार नोंदवली की टोकन क्रमांक येतो. तो वहीत उतरवा, तारीख-वेळेसह, आणि शेजारी लिहा की कधी परत बघायचं. स्क्रीनशॉट काढून ठेवणं चांगलंच, पण फोन हरवला तर वहीच कामाला येते.

फोनवर कुणाशी बोललात तर नाव, हुद्दा आणि वेळ विचारून लिहा. नम्रपणे विचारा, 'साहेब, नोंदीसाठी नाव सांगता का?' बहुतेक जण सांगतात. मग त्याच तासात त्याच कार्यालयाला ईमेल किंवा मेसेज: 'आपण आत्ता फोनवर सांगितलंत की उद्या ११ वाजेपर्यंत टँकर येईल. आभार.' हा दोन ओळींचा मेसेज फार उपयोगी ठरतो. बोललेलं लेखी होतं, आणि धमकी न देता होतं.

केंद्राच्या अखत्यारीतला विषय असेल तर सीपीग्राम्स. २०२० च्या लाटेत केंद्राने कोविडच्या तक्रारी वेगळ्या काढून त्या तीन दिवसांत निकाली काढाव्यात असं ठरवलं होतं. पुढच्या साथीत अशी सोय होते का, हे पहिल्याच आठवड्यात बघा. निकाल मान्य नसेल तर तिथेच अपील करता येतं. तक्रार बंद झाली म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

माहितीच दिली जात नसेल तर माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. एरवी मुदत ३० दिवस असते, पण माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असेल तर कायद्याच्या कलम ७ प्रमाणे ४८ तासांत माहिती द्यावी लागते. अर्जाच्या सुरुवातीलाच ठळक लिहा: 'जीविताशी संबंधित, ४८ तासांत माहिती अपेक्षित', आणि कारण एका वाक्यात द्या. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. राज्याचं माहिती अधिकाराचं ऑनलाइन पोर्टल आहे. हवं ते कार्यालय तिथल्या यादीत दिसलं नाही तर कागदावर अर्ज करून १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा.

४८ तासांची तरतूद कशालाही वापरू नका. नालेसफाईच्या बिलासाठी ती लावली, की खरोखर ऑक्सिजनची माहिती मागणाऱ्याच्या अर्जाकडेही शंकेने बघितलं जातं.

उघड पोस्ट टाकून मदत मागायची का? मागा. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन आणि खाटांसाठी लोक समाजमाध्यमांवर आर्जवं करत होते, तेव्हा काही ठिकाणी अशा पोस्टवर कारवाईची भाषा झाली. ३० एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मदत मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान धरला जाईल. त्यामुळे घाबरू नका. पोस्टमध्ये वेळ लिहा, काय हवं ते लिहा, महापालिका आणि जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत खात्याला टॅग करा, आणि काम झालं की पोस्ट काढून टाका किंवा वर 'मदत मिळाली' असं लिहा. दुसऱ्या लाटेत कालबाह्य मेसेज इतके फिरत होते की खरी गरज असलेल्या घराला फोनच लागत नव्हता.

पायरी ५: आलेलं उत्तर गल्लीत परत न्या

सरकारकडे जाणारा मेसेज ही निम्मी बाजू झाली. उत्तर, आदेश, लसीची तारीख, रेशनची वेळ हे सगळं शेवटच्या घरापर्यंत पोचलं पाहिजे. यासाठी व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप ठेवा. एक फक्त सूचनांचा, जिथे दोन-तीन ॲडमिनच लिहितील. दुसरा चर्चेचा. एकाच ग्रुपमध्ये सुप्रभात, वाढदिवस आणि लसीकरणाची वेळ एकत्र आली की वेळ वर निघून जाते आणि कुणी बघत नाही.

प्रत्येक आदेश चार ओळींत लिहून काढा: काय बदललं, कुठल्या भागाला लागू, कधीपासून कधीपर्यंत, शंका असेल तर फोन कुणाला. खाली मूळ आदेशाची तारीख आणि क्रमांक. मग तोच मजकूर आवाजात रेकॉर्ड करा. पूर्व भागात तेलुगू, कुठे कन्नड, कुठे उर्दू. आवाज ओळखीचा हवा. ज्या अक्कांच्या शब्दावर चार घरं विड्यांचा हिशोब मानतात, त्यांच्या आवाजातला मिनिटभराचा मेसेज सरकारी जाहिरातीपेक्षा जास्त ऐकला जातो. ज्या घरांपुढे वहीत 'फोन नाही' लिहिलंय, तिथे कुणीतरी दारात उभं राहून सांगायचं. ते घर कुणाच्या वाट्याला, हे आधीच ठरवून ठेवा.

अफवेचं उत्तरही असंच द्या. 'लस घेतली की माणूस मरतो' असा व्हिडिओ आला तर तो पुढे पाठवून खाली 'हे खोटं आहे' लिहू नका. त्याने व्हिडिओच पसरतो. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा, केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेक विभागाने काही सांगितलंय का ते बघा, आणि फक्त खरी गोष्ट आपल्या शब्दांत पाठवा. आपत्तीच्या काळात घबराट पसरवणारी खोटी माहिती देणं हा आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ग्रुपच्या ॲडमिनने हे सगळ्यांना एकदा शांतपणे सांगून ठेवावं.

आता मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण नोंदणी फक्त ऑनलाइन. स्लॉट उघडून काही मिनिटांत संपायचे. ज्याच्याकडे वेगवान नेट आणि मोकळा वेळ, त्याला लस. दिवसभर माग चालवणाऱ्याने काय करायचं? २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा देण्यात आली, ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवलं, आणि २१ जूनपासून केंद्रावर जाऊन सगळ्यांना लस घेता येऊ लागली. म्हणजे मागणी रास्त होती. पुढच्या साथीत कुठलीही सेवा फक्त ऑनलाइन केली, तर पहिल्याच दिवशी लेखी मागणी करा: इतके टक्के जागा थेट येणाऱ्यांसाठी ठेवा, विडी कामगारांच्या वस्तीत अमुक वारी शिबिर घ्या. वहीतला आकडा जोडा. 'आमच्या गल्लीत इतक्या घरांपैकी इतक्या घरांत दिवसा फोन नसतो' या एका ओळीपुढे अधिकाऱ्याला मोघम उत्तर देणं अवघड जातं.

पायरी ६: फसवणूक आणि लोकांची नावं

ओटीपी, पिन, कार्डाचा नंबर फोनवर कुणालाही सांगायचा नाही. 'लसीची नोंदणी करून देतो', 'औषध घरपोच, आधी पैसे पाठवा' असे फोन साथीत वाढतात. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

बाधितांच्या नावांच्या याद्या ग्रुपवर टाकू नका, कुणी टाकली तर ॲडमिनने तिथेच काढून टाकावी. २०२० मध्ये अशा यादीच्या भीतीने लोक स्वॅब द्यायला टाळत होते, आणि तपासणीला उशीर झाल्याची किंमत घरच्यांनी मोजली.

पायरी ७: लाट ओसरल्यावरची कामं

कागद लगेच टाकू नका. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्याने खासगी रुग्णालयांचे दर बांधून दिले होते: साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००, काही औषधं आणि तपासण्या वेगळ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही त्याच सुमारास सगळ्या नागरिकांसाठी खुली केली होती. ज्यांनी तपशीलवार बिल मागून ठेवलं होतं त्यांनाच पुढे लेखापरीक्षकाकडे दाद मागता आली. 'एकूण रक्कम' एवढंच लिहिलेली पावती घेऊन कुणाकडे जाणार? म्हणून डिस्चार्जच्या वेळीच बाबनिहाय बिल, औषधांची यादी आणि पैसे भरल्याची पावती मागा.

कोरोनाने दगावलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान २०२१ च्या शेवटी मिळू लागलं, अर्ज ऑनलाइन. अर्ज फेटाळला गेला तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येत होतं. अशा योजनांना मुदत असते, आणि दुःखात असलेल्या घराला ती कळत नाही. वहीतल्या त्या घरी दोघांनी जाऊन कागद तपासावेत: मृत्यूचा दाखला, तपासणीचा रिपोर्ट, वारसाचं बँक पासबुक, आधार. नावांचं स्पेलिंग चारही ठिकाणी जुळतं का ते बघा. तेलुगू आडनावं मराठीत आणि इंग्रजीत वेगवेगळी लिहिली जातात आणि अर्ज तिथेच अडकतो. दाखल्यातली चूक आधी महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून दुरुस्त करून घ्या, मगच ऑनलाइन अर्ज भरा.